ओरिजिनल लाट कोणती?

आपल्या पिढीने आयुष्यात सगळ्यात जास्त वेळ बघितलेलं निसर्गचित्र कुठलं असेल? मोनेची कमळं? व्हॅन गॉगची चांदण्यांची रात्र? छे हो. ते आहे विंडोज एक्सपीवरची ती हिरवीगार टेकडी! चार्ल्स ओरिअर नावाच्या फोटोग्राफरने १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात तो फोटो काढला आणि शाळेच्या कॉम्प्युटर लॅबपासून बाबांच्या ऑफिसपर्यंत तो सगळीकडे आपल्याकडे बघत राहिला. आपण त्याच्याकडे बघितलं का, हा प्रश्न वेगळा. आपण त्या टेकडीवर फोल्डर ठेवले, रिसायकल बिन ठेवला आणि कामाला लागलो.

तेव्हापासून निसर्ग म्हणजे ‘बॅकग्राऊंड’ हे समीकरण डोक्यात फिट बसलंय. फोनच्या लॉकस्क्रीनवर डोंगर. व्हिडिओ कॉलला पाठीमागे खोटं जंगल, त्यात आपले कान मधूनच गायब होतात. पावसाळ्यात माळशेजला गेलो की धबधब्याकडे पाठ करून फोटो. निसर्ग मागे, आपण पुढे. तो छान दिसावा आणि मध्ये मध्ये करू नये, एवढीच अपेक्षा.

म्हणून या आठवड्यात एका अशा कलावंताबद्दल लिहायचंय, ज्याने निसर्गाला कधी मागे उभं राहू दिलं नाही. नाव, कृष्णा रेड्डी. काम, प्रिंटमेकिंग. मराठीत आपण त्याला मुद्राचित्रण म्हणतो. जन्म १९२५ चा, आंध्रातल्या चित्तूरजवळच्या नंदनूर नावाच्या खेड्यातला. २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गेले, तेव्हा वय ९३. मध्ये शांतिनिकेतन, लंडन, पॅरिस, मिलान. १९७२ मध्ये पद्मश्री. जगातल्या प्रिंटमेकिंगच्या स्टुडिओंमध्ये हे नाव घेतलं की लोक मान डोलावतात. आपल्याकडे मात्र आर्ट स्कूलच्या फाटकाबाहेर ते फारसं कुणाला ठाऊक नाही. रझा माहीत, हुसेन माहीत, गायतोंडे तर लिलावांच्या बातम्यांमुळे पाठ. कृष्णा रेड्डी? कोण रेड्डी?

पाण्याचा फोटो नव्हे

त्यांचं ‘व्हर्लपूल’, म्हणजे भोवरा, हे १९६३ चं काम मी पहिल्यांदा पाहिलं ते काळा घोड्याच्या एका गॅलरीत, चार-पाच जणांच्या एकत्र प्रदर्शनात. आकाराने फार मोठं नाही. भिंतभर कॅनव्हासची सवय असलेल्या डोळ्यांना ते आधी दिसतच नाही. आणि एकदा दिसलं की मग बाकीच्या भिंती दिसत नाहीत.

त्यात पाणी कुठेच ‘काढलेलं’ नाही. निळ्या लाटा नाहीत, पांढरा फेस नाही, काठावरची होडी नाही. आहे ती रेषांची एक प्रचंड जाळी. मधल्या एका ठिकाणाभोवती ती गरगरते, ओढली जाते, ताणली जाते. रेषांच्या मध्ये बारके बारके कप्पे, मायक्रोस्कोपखाली पानाच्या पेशी दिसतात ना, तसे. प्रत्येक कप्प्यात रंग, आणि शेजाऱ्याचा रंग त्याच्यापेक्षा जरासा वेगळा. निळा जांभळ्याकडे झुकतो, जांभळ्यातून मध्येच ऊबदार नारिंगी डोकावतो. आपण बघत राहतो आणि थोड्या वेळाने लक्षात येतं, की हा पाण्याचा भोवरा असू शकतो, आकाशगंगा असू शकते किंवा सूर्यफुलाच्या मधलं बियांचं वर्तुळही. तिन्हींमध्ये जे सारखं आहे, तेवढंच या माणसाने उचललंय. पाणी कसं दिसतं याच्याशी त्याला फार देणंघेणं नाही. पाणी कसं वागतं, यात त्याला रस आहे.

कामांची नावंच बघा ना. ‘बटरफ्लाय फॉर्मेशन’ हे १९५७ चं. नुसतं फुलपाखरू नाही, तर फुलपाखरू घडणं. ‘जर्मिनेशन’ म्हणजे बी रुजणं. ‘स्प्लॅश’, ‘वेव्ह’, ‘व्हर्लपूल’. ही वस्तूंची नावं नाहीतच, घडामोडींची आहेत. मराठी व्याकरणात सांगायचं तर रेड्डी नामं काढत नाहीत, क्रियापदं काढतात.

‘पण प्रिंटच आहे ना?’

त्या दिवशी माझ्याबरोबर माझी एक मैत्रीण होती. आयटीतली, नुकताच घोडबंदर रोडला फ्लॅट घेतलेली. सोफ्यामागची भिंत रिकामी आहे आणि ती तिला झोपू देत नाहीये. एका वेबसाइटवर तिने ‘फॉरेस्ट मिस्ट’ नावाचा तीन तुकड्यांचा कॅनव्हास कार्टमध्ये टाकून ठेवला होता. सोफ्याच्या रंगाला मॅच होणारा. ती बराच वेळ भोवऱ्यासमोर उभी राहिली, मग लेबलच्या जवळ गेली, परत आली आणि हळूच म्हणाली, ‘‘मस्तंय गं. पण हे प्रिंटच आहे ना? मग ओरिजिनल कुठंय?’’

बॉस, हा लाखमोलाचा प्रश्न आहे. आणि तो विचारल्याबद्दल कुणी कुणाकडे तुच्छतेने बघायचं कारण नाही, कारण ‘प्रिंट’ या एका शब्दाने सगळा घोळ घातलाय. ऑफिसातून पीडीएफ मारतो ती पण प्रिंट. मॉलमधल्या दुकानात फ्रेम करून मिळते ती पण प्रिंट. आणि रेड्डी महिनोन् महिने धातूच्या प्लेटवर कोरत बसायचे, ती पण प्रिंटच.

पण पहिल्या दोन्हींमध्ये मूळ गोष्ट दुसरीकडे कुठेतरी असते. कुणीतरी चित्र काढलेलं असतं, फोटो घेतलेला असतो आणि कागदावर येते ती त्याची नक्कल. रेड्डींच्या छाप्यामागे असं कुठलंही चित्र नाही. आधी चित्र काढलं आणि मग छापलं, असा प्रकारच नाही. चित्र जन्माला येतं ते प्लेट आणि कागद प्रेसमधून एकत्र गेल्यावर. त्याआधी जगात असते ती कोरलेली एक धातूची पट्टी, बस्स.

हे नीट कळायला थोडं स्टुडिओत शिरावं लागेल. घाबरू नका, केमिस्ट्रीचा तास नाहीये. उलट स्वयंपाकघरात शिरल्यासारखं वाटेल.

पोळपाट, तेल आणि चरक

रंगीत छापा काढायची नेहमीची पद्धत अशी, की प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट. लाल रंगाची एक, निळ्याची दुसरी, पिवळ्याची तिसरी. कागद दर वेळी अगदी त्याच जागी बसायला हवा. केसभर सरकला की खेळ खलास.

रेड्डींच्या पद्धतीत प्लेट एकच, सगळे रंग तिच्यावरच आणि प्रेसमधून फेरी एकच. ती प्लेट म्हणजे सपाट पत्रा नव्हे. रेड्डी मुळात शिल्पकार. लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये हेन्री मूरकडे, पॅरिसमध्ये ओसिप झाडकिनकडे आणि मिलानमध्ये मारिनो मारिनीकडे शिकलेले. त्यामुळे त्यांच्या हाताखालची प्लेट हे एक छोटंसं शिल्पच. ॲसिडने खाल्लेले खोलगट भाग, ब्यूरिन नावाच्या टोकदार हत्याराने ओढलेल्या बारीक रेघा, घासून गुळगुळीत केलेले उतार. विमानातून सह्याद्री बघितलाय ना? माथे, पठारं, दऱ्या. तसंच, फक्त हातात मावेल एवढं.

आता रंग. पहिली शाई सगळ्यात खोल रेघांमध्ये भरायची आणि वरची पुसून काढायची. दुसरी शाई घ्यायची ती जवसाचं तेल घालून सैल केलेली. ती टणक रोलरने फिरवायची. टणक रोलर दबत नाही, म्हणून ही शाई फक्त माथ्यांवर बसते. मग तिसरी शाई, घट्ट आणि चिकट. ती मऊ रोलरने. मऊ रोलर दाबला की दबतो आणि दऱ्यांमध्ये उतरतो. आता हुशार वाचक विचारतील, की हा मऊ रोलर माथ्यांवरूनही जाणारच ना? मग तिथे दोन्ही रंग मिसळून चिखल का होत नाही?

याचं उत्तर आपल्या आज्यांना माहीत होतं. तेलावरची पुरणपोळी लाटताना पोळपाटाला तेलाचा हात फिरवतात. त्यामुळे एवढी सैल, चिकट कणीक असूनही ती पोळपाट सोडते. इथेही तेच. माथ्यावरच्या सैल शाईत तेल इतकं असतं, की वरून आलेली घट्ट शाई तिथे टिकतच नाही. जिथे तेलाचा थर नाही, तिथे मात्र ती मुकाट्याने बसते. कुठली शाई किती सैल, किती दाट यावर सगळा फंडा. म्हणूनच या पद्धतीचं नाव व्हिस्कॉसिटी प्रिंटिंग.

शेवटी ओलसर कागद, त्यावर जाड फेल्ट आणि प्रेसचं चाक. प्रेस म्हणजे काय, तर रसवंतीतल्या चरकाचा शांत स्वभावाचा भाऊ. दोन रोलर, त्यांच्यामधून प्लेट आणि कागद जबरदस्त दाबाखाली जातात. पलीकडे कागद उचलला की माथ्यांचा, दऱ्यांचा, रेघांचा, सगळा रंग एका झटक्यात कागदावर!

आता सांगा, यात कलाकाराने नेमकं काय केलं? कागदावर एकही रंग हाताने लावला नाही. त्याने फक्त अटी ठरवल्या. कुठे उंच, कुठे खोल, किती तेल, किती दाब. बाकीचं काम शायांनी केलं, एकमेकींना ढकलत, सामावून घेत, वाट काढत. नदी तरी दुसरं काय करते? जमिनीला उतार असेल तिकडे पाणी जातं, खडक आला की वळतं, वळलं की गरगरतं. म्हणूनच तो भोवरा मला इतका खरा वाटतो. तो भोवऱ्यासारखा दिसतो म्हणून नाही. तो साधारण भोवऱ्याच्याच रीतीने तयार झालाय, म्हणून.

आज एक वाक्य टाइप केलं की कॉम्प्युटर काही सेकंदांत चार भोवरे काढून देतो, आणि दिसायला ते चकाचक असतात. पण त्यात कशाने कशाला ढकललेलं नसतं. रेड्डींच्या कागदावर बोट न लावताही तो दाब जाणवतो.

तेल कंपनीतला माणूस आणि मुंबईकर

ही पद्धत एकट्या माणसाची नाही, आणि ही गोष्ट मला चित्रांइतकीच आवडते. पॅरिसमध्ये ‘आतेलिए १७’ नावाचा एक स्टुडिओ होता. स्टॅनली विल्यम हेटर या इंग्रजाने तो १९२७ मध्ये सुरू केला. हेटर शिकलेला केमिस्ट्री आणि जिऑलॉजी. काही वर्षं इराणमध्ये अबादानला एका तेल कंपनीत रीतसर नोकरी केली आणि मग ती सोडून पॅरिसला आला. (नोकरी सोडून आर्टकडे वळायची स्वप्नं रंगवणाऱ्यांनो, नोंद घ्या. ही परंपरा शंभर वर्षं जुनी आहे!) पिकासो, मिरो अशी बडी मंडळी तिथे येऊन काम करून गेली.

दुसऱ्या महायुद्धात हेटरने स्टुडिओ न्यूयॉर्कला नेला आणि १९५० मध्ये पॅरिसला परत आणला. रेड्डी त्याच सुमाराला तिथे पोचले. आणि कैको मोती हेही. कैको मोती जन्माने मुंबईकर, आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. एकाच प्लेटवर दाट-सैल शायांनी अनेक रंग आणण्याचे जे प्रयोग तिथे झाले, त्यात रेड्डी आणि मोती ही दोन भारतीय नावं पहिल्या रांगेत आहेत. थोडक्यात, आज जगभरच्या आर्ट कॉलेजांत शिकवली जाणारी ही रीत एका इंग्रज केमिस्टच्या पॅरिसमधल्या स्टुडिओत, एक मुंबईकर आणि एक चित्तूरकर यांच्या खटपटीतून उभी राहिली.

आणि मग त्यांनी ती लपवली नाही! कॉर्पोरेटमध्ये काम करणाऱ्यांना याचं मोल जास्त कळेल. आपल्याकडे एक्सेलच्या मॅक्रोलाही लोक पासवर्ड लावून ठेवतात. रेड्डी हेटरबरोबर आतेलिए १७ सांभाळत पॅरिसमध्ये शिकवत राहिले. १९७६ मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत गेले आणि तिथेही शिकवत राहिले. भारतात येऊनही कार्यशाळा घेतल्या. १९८८ मध्ये तर सगळी कृती सविस्तर लिहून पुस्तकच काढलं. कोणती शाई, किती तेल, कोणता रोलर, सगळं. ज्याला हवं त्याने करून बघावं.

साठच्या दशकात झरीना हाश्मी ही भारतीय मुलगी याच स्टुडिओत आली आणि पुढे स्वतःच्या वाटेने मोठी प्रिंटमेकर झाली. तिची वाट घर, नकाशे, फाळणी यांची. रेड्डींसारखी ती अजिबात दिसत नाही, आणि हीच चांगल्या मास्तराची खूण. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१६-१७ मध्ये हेटर, रेड्डी आणि झरीना या तिघांचं मिळून एक प्रदर्शन भरवलं होतं.

झाडांचं बघता बघता माणसांचं

कुणी म्हणेल, ठीक आहे, पण हे सगळं मासे, फुलपाखरं, लाटा असंच का? जगात एवढं घडत असताना?

त्यांना १९६८ चं ‘डेमॉन्स्ट्रेटर्स’ दाखवावं. त्या वर्षीच्या मे महिन्यात पॅरिसमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. रेड्डी तिथेच राहत होते. त्यांनी निदर्शकांचा छापा काढला, पण त्यात झेंडे, पोलीस, घोषणांचे फलक असा मालमसाला नाही. माणसं आहेत, उभी, एकामागे एक, एकमेकांत मिसळत जाणारी. जमिनीतून कोंब वर यावेत तशी ती उगवल्यासारखी दिसतात. ज्या डोळ्याने या माणसाने पंधरा-सोळा वर्षं मासे, किडे, बिया बघितल्या, त्याच डोळ्याने गर्दी बघितली. आणि त्याला दिसलं, की हीसुद्धा एक लाटच आहे. एकट्याच्या इच्छेने उठत नाही, पण प्रत्येकाच्या असण्यानेच उठते.

चर्चगेटला सकाळी पावणेदहाला उतरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथे आपण गर्दीत नसतो, आपण गर्दीच असतो. सबवेच्या तोंडाशी प्रवाह वळतो, कडेला एक भोवरा तयार होतो, त्यात एखादा पेपरवाला शांतपणे उभा. तो छापा पाहिल्यानंतर मला हा रोजचा वैताग बघायला चक्क मजा यायला लागली. निसर्ग बघायला माळशेजलाच जायला हवं असं नाही, ही माझी त्यांच्याकडून मिळालेली कमाई.

या सगळ्याची पाळंमुळं शांतिनिकेतनात आहेत, असं मला वाटतं. चाळीसच्या दशकात रेड्डी तिथे नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकत होते. चार भिंतींबाहेर, झाडाखाली वर्ग. निसर्ग समोर ठेवून त्याची नक्कल करण्यापेक्षा त्याच्यात राहून त्याची लय ओळखणं, हा त्या शाळेचा संस्कार. पॅरिसने रेड्डींना हत्यारं दिली. काय बघायचं, ते ते इथूनच घेऊन गेले होते.

एक तक्रार मात्र आहे, आणि ती रेड्डींबद्दल नाही. त्यांच्याबद्दल बोलणारे बहुतेक जण फक्त टेक्निकबद्दलच बोलतात (मीही आत्ता चांगले सात-आठ परिच्छेद तेच केलं म्हणा!). व्हिस्कॉसिटी ही फार मोहात पाडणारी गोष्ट आहे. प्लेटवर काहीबाही खरवडा, तीन रोलर फिरवा, काहीतरी झगमगीत येतंच. असे झगमगीत छापे आर्ट कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनांत हमखास दिसतात आणि दोन मिनिटांत विसरले जातात. रंग एकमेकांना ढकलतात खरे, पण कशासाठी ढकलतात, हे ठरवणारं कुणीतरी हवं. रेड्डींचा १९५२ चा मासा बघा. ‘फिश’. तिथे अजून रंगांची आतषबाजी सुरूही झालेली नाही. पण रेषा अशा पळतात, की मासा आणि त्याच्या अंगावरून जाणारं पाणी यांची हद्द सापडत नाही. डोळा आधी तयार झालेला होता. शाई नंतर आली.

मग ओरिजिनल कुठंय?

तर मैत्रिणीच्या प्रश्नाकडे. समजा एका प्लेटमधून वीस छापे निघाले. पहिला छापा ओरिजिनल आणि बाकी एकोणीस कॉप्या का? नाही. प्रत्येक वेळी प्लेटवर शाई नव्याने लागते, पुसली जाते, रोलर नव्याने फिरतो. हाताचा जोर थोडा बदलतो, तेल थोडं कमीजास्त होतं. शिवाय एकाच प्लेटमधून वेगवेगळ्या रंगांत छापे काढून बघायला रेड्डींना आवडायचं. न्यूयॉर्कला गेल्यावर त्यांनी सर्कशीतल्या जोकराची एक मोठी मालिका केली, त्यात तर एकाच जोकराची कितीतरी रूपं आहेत. छापा म्हणजे नक्कल नव्हे, तो एक प्रसंग. तोच राग आज गायला आणि उद्या गायला, त्यातला ओरिजिनल कुठला?

मी तिला विचारलं, ‘‘मरीन ड्राइव्हला बसून आपण लाटा बघतो ना, त्यातली ओरिजिनल लाट कोणती?’’ ती हसली. मग म्हणाली, ‘‘सगळ्याच.’’ झालं तर. एकसारख्या दोन नाहीत, आणि नकली एकही नाही.

हा नुसता शब्दांचा खेळ नाहीये, यात आपला खिसाही अडकलाय. आपल्या वयाच्या मंडळींचे पहिले फ्लॅट होताहेत, भिंती रिकाम्या आहेत. ‘लिमिटेड एडिशन प्रिंट’ या नावाखाली इंकजेटवर काढलेल्या गुळगुळीत नकला चांगल्या चढ्या भावाने विकल्या जातात. दुसरीकडे बडोदा, शांतिनिकेतन, जे. जे. इथून शिकून बाहेर पडलेले तरुण प्रिंटमेकर स्वतःच्या हाताने काढलेले छापे घेऊन उभे असतात आणि लोक त्यांना विचारतात, ‘प्रिंट आहे ना? मग एवढे पैसे का?’ प्रेस महाग, कागद महाग, धातू महाग. असं विचारणारे वाढले की एक दिवस हे लोक प्रेस विकून ग्राफिक डिझाइनची नोकरी धरतात. आपलं एक ‘का?’ इतकं महागात पडू शकतं.

रेड्डी आपल्या पगारात बसणारे नाहीत, ते म्युझियममध्येच बघावेत. पण कुठलाही हातछापा घेताना चार गोष्टी जरूर बघा. एक, खाली पेन्सिलीने सही आणि आकडा असतो का. ‘७/२५’ म्हणजे पंचवीस छाप्यांमधला सातवा. तिथे ‘ए. पी.’ असेल तर तो कलाकाराने स्वतःसाठी काढलेला छापा. दोन, एचिंग किंवा एनग्रेव्हिंग असेल तर चित्राभोवती प्लेटच्या कडेचा दाब कागदात उमटलेला असतो, हलकी चौकट आत दबलेली. तीन, तिरक्या उजेडात धरा. शाई कागदावर किंचित उभी राहिलेली दिसेल, नकलेत ती सपाट असते. चार, छापा कुणी काढला आणि कसा काढला, हे बिनधास्त विचारा. खरा प्रिंटमेकर या प्रश्नावर अर्धा तास बोलतो. गप्प बसला तर समजा काहीतरी लोचा आहे.

मैत्रिणीच्या कार्टमधलं धुकं अजून तसंच पडून आहे, आणि भिंतही रिकामीच. पण मधल्या काळात ती एका तरुण मुलीच्या स्टुडिओत जाऊन आली, प्रेसचं चाक स्वतः फिरवून आली, आणि आता तिला घाई नाहीये म्हणते. सोफ्याशी मॅच होणं हा विषय निघालेला नाही, हे विशेष.

तुम्हाला कुठल्या प्रदर्शनात, कुठल्या संग्रहालयात रेड्डींचं काम दिसलं, तर एक करा. आधी लेबल वाचू नका. फोन खिशात ठेवा, कारण त्या बारीक कप्प्यांमधले रंग फोटोत येतच नाहीत, आणून बघितलेत. आधी चार फुटांवर उभे राहा. मग दोन. मग गार्ड ओरडणार नाही इतके जवळ. दहा मिनिटं द्या. आपण मीटिंगला उशिरा येणाऱ्यांची वाट बघण्यात त्याहून जास्त घालवतो.